टेनेसीत आलात, आता युनियनची पावती फाडायची का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही गेल्या वर्षी मिशिगनहून टेनेसीत आलो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या प्लांटमध्ये मेंटेनन्स टेक्निशियन आहे, मी दुसऱ्या कंपनीत एच-१बी व्हिसावर इंजिनिअर. मिशिगनमध्ये शेवटी शेवटी त्याच्या पगारातून युनियनचे पैसे सक्तीने कापले जायचे. इथे एचआरने पहिल्याच दिवशी सांगितलं, हे 'राइट टू वर्क' राज्य आहे, युनियनमध्ये जायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी स्टुअर्डने, म्हणजे युनियनच्या फ्लोअरवरच्या प्रतिनिधीने, सदस्यत्वाचं कार्ड पुढे केलं. सही केली नाही तर नोकरीवर गदा येईल का? केली तर? आणि यात 'कामाचा हक्क' नेमका कुठे आला?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घोळ नावापासूनच आहे. आपल्याकडे कामाचा हक्क म्हटलं की रोजगार हमी आठवते. वि. स. पागे यांनी रेटलेली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली आणि १९७७ मध्ये कायद्यात बसवलेली योजना. काम मागितलं की सरकारने ते द्यायचं, हा तिचा अर्थ. अमेरिकेतला 'राइट टू वर्क' कोणालाही काम देत नाही आणि असलेलं टिकवतही नाही. तो एवढंच म्हणतो की युनियनला पैसे दिले नाहीत या कारणावरून माणसाला कामावरून काढता येणार नाही. बाकी सगळी घोषणाबाजी.

माझी बाजू आधीच सांगितलेली बरी. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात उमेदवारी केली आणि नंतर बावीस वर्षं मिशिगनमध्ये, तुमच्या नवऱ्याच्याच धंद्यात, लेबर रिलेशन्स सांभाळलं. म्हणजे बोलण्यांच्या टेबलाला मी कायम कंपनीच्या बाजूने बसलो. तरीही तुमच्या एचआरने सांगितलेलं वाक्य खरं असलं तरी अर्धंच आहे, असं माझं मत आहे.

सही केली नाही म्हणून नोकरी जाणार नाही. केली म्हणूनही जाता कामा नये. सही केल्याचा राग धरून कंपनीने शिफ्ट बदलली, ओव्हरटाइम तोडला किंवा घरी बसवलं, तर तो १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याचा भंग आहे आणि त्याची तक्रार कामगार संबंध मंडळाकडे, म्हणजे एनएलआरबीकडे, फुकट करता येते. मुदत सहा महिन्यांची.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. 'राइट टू वर्क' आणि 'अ‍ॅट-विल' या दोन गोष्टी आपली माणसं सर्रास एक समजतात. "इथे राइट टू वर्क आहे, कधीही काढू शकतात" हे वाक्य मी गणपतीच्या कार्यक्रमांत इतक्यांदा ऐकलंय की आता दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. कारण न देता काढता येणं म्हणजे अ‍ॅट-विल, आणि ते मोंटाना सोडलं तर सगळ्या राज्यांत आहे. न्यू जर्सीत आहे, कॅलिफोर्नियात आहे. मिशिगनमध्येही तुमच्यावर तेच लागू होतं. गंमत अशी की अ‍ॅट-विलपासून साध्या कामगाराला वाचवणारी गोष्ट बहुतेक वेळा युनियनचा करारच असते, कारण त्यात 'जस्ट कॉज'चं कलम असतं: सबळ कारणाशिवाय शिक्षा नाही, आणि वाद झाला तर निवाडा बाहेरचा लवाद करणार. तुमच्या नवऱ्याला ते कलम टेनेसीतही मिळतं. सदस्य असो वा नसो.

सदस्य नसतानाही कसं, हाच या भांडणाचा गाभा आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९३५ च्या कायद्याने 'क्लोज्ड शॉप' चालत होतं, म्हणजे आधी युनियनचं सदस्यत्व, मग नोकरी. १९४७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, टॅफ्ट-हार्टली कायदा आणला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो ओलांडला. क्लोज्ड शॉप गेलं. त्याऐवजी एवढंच उरलं की कामावर घेतल्यानंतर ३० दिवसांनी युनियनला पैसे देण्याची अट करारात घालता येईल. आणि त्याच कायद्याच्या कलम १४(ब) ने राज्यांना मुभा दिली की हवं तर तीही अट बंद करा. 'राइट टू वर्क' कायदे उभे आहेत ते या एका छोट्या कलमावर. टेनेसीने १९४७ मध्येच कायदा केला आणि २०२२ मध्ये मतदान घेऊन तो राज्यघटनेत घातला.

मिशिगनची गोष्ट तुम्ही स्वतः अनुभवलीत. डिसेंबर २०१२ मध्ये तिथे कायदा झाला, २०२३ मध्ये रद्द केला गेला आणि १३ फेब्रुवारी २०२४ पासून सक्तीची वर्गणी पुन्हा करारात घालता यायला लागली. म्हणून 'शेवटी शेवटी' कापले गेले. आता असे कायदे असलेली राज्यं २६ उरली आहेत.

पण लक्षात घ्या, मिशिगनमध्येही तुमच्या नवऱ्यावर सदस्य होण्याची सक्ती कधीच नव्हती. पन्नासही राज्यांत ती कोणावरच नाही. १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की 'सदस्यत्वा'ची अट म्हणजे व्यवहारात फक्त पैशाची अट. शपथ घेणं, सभेला जाणं, युनियनची शिस्त पाळणं हे काहीही लादता येत नाही. १९८८ च्या बेक खटल्याने आणखी एक पायरी खाली आणली. सदस्य नसलेल्याने हरकत घेतली, तर त्याच्याकडून फक्त बोलणी, करार आणि तक्रारी यांचाच खर्च घ्यायचा, राजकारणाचा नाही. असं असूनही कितीतरी करारांत आजही छापलेलं असतं, "तीस दिवसांत सदस्य होणे आवश्यक." १९९८ मध्ये न्यायालयाने हे शब्द चालवून घेतले, कारण मूळ कायद्यात तसेच आहेत. माझ्या मते हा अप्रामाणिकपणा आहे. मी टेबलावर दोनदा ते वाक्य बदलू या म्हटलं, समोरच्यांनी दोन्हीदा हसून पान उलटलं.

आता मूळ गाठ. अमेरिकी कायद्यात एका युनिटमध्ये, म्हणजे एकत्र बोलणी करणाऱ्या कामगारांच्या गटात, बहुमताने एक युनियन निवडली की ती सगळ्यांची एकमेव प्रतिनिधी होते. विरोधात मत दिलेल्यांचीही. वेगळा पगार ठरवायला कोणी एकटा साहेबाच्या केबिनमध्ये जाऊ शकत नाही. ही मक्तेदारी दिली, तेव्हा तिच्यामागे एक जबाबदारीही आली. १९४४ चा स्टील खटला त्याचा पाया आहे. बिल स्टील हा लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेवर फायरमन होता, म्हणजे इंजिनाच्या भट्टीवर काम करणारा. कृष्णवर्णीय. त्याच्या कामाची एकमेव प्रतिनिधी असलेली युनियन कृष्णवर्णीयांना सदस्यच करून घेत नव्हती, आणि त्याच युनियनने कंपनीशी करार केला तो त्यांना त्या कामावरून हळूहळू घालवण्याचा. ज्या संघटनेत शिरायची बंदी, तीच त्याच्या वतीने सही करणार! न्यायालयाने ठणकावलं: सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार घेतलात, तर सगळ्यांसाठी न्यायाने बोलावं लागेल. या कर्तव्यातूनच पुढे युनियनचा युक्तिवाद आला की आम्ही सगळ्यांसाठी खर्च करतो, मग पैसेही सगळ्यांनी द्यावेत.

युनियनवाले सदस्य नसलेल्यांना 'फ्री रायडर' म्हणतात. आपल्याकडचा नेमका शब्द फुकटचंबू. तक्रार खरी आहे, पण अर्धी. मक्तेदारी कोणी त्यांच्या गळ्यात मारलेली नाही, त्यांना ती हवीच असते, कारण ताकद तिच्यात आहे. दुसऱ्या बाजूने, राइट टू वर्कवाले स्वातंत्र्याच्या गप्पा मारतात, पण युनियनवरची ती जबाबदारी काढा असं क्वचितच म्हणतात. वर्गणी देऊ नका, लढायला मात्र युनियन आहेच. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

मुंबईच्या गिरण्यांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना ही गाठ ओळखीची वाटेल. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागात एका उद्योगाला एकच 'प्रतिनिधी' युनियन दिली, आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. वर्गणीची सक्ती नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले, तरी कायद्याने बोलणी करायचा हक्क संघाकडेच राहिला. तो कायदा रद्द करा, ही संपाची एक मोठी मागणी होती. म्हणजे तिथे पैशाची सक्ती नसतानाही कामगार अडकला, तो मक्तेदारीत. अमेरिकेत निदान मतदान घेऊन युनियन बदलता येते किंवा काढूनही टाकता येते. ठाण्यात आम्ही ज्या कायद्याखाली काम केलं तो १९७१ चा वेगळा. त्यात सहा महिने ३० टक्के सदस्य दाखवले की युनियनला मान्यता. तिथे पावतीपुस्तकं घेऊन दोन युनियनांची माणसं पगाराच्या दिवशी गेटवर समोरासमोर उभी असायची आणि काही कामगार दोघांकडूनही पावती फाडून घ्यायचे. एकाला मी विचारलं, असं का? म्हणाला, "साहेब, कोण जिंकणार ते तुम्हाला तरी माहितीये का?"

राइट टू वर्कच्या जन्माबद्दलही बरंच बोललं जातं. १९४१ च्या कामगार दिनाला डॅलसच्या एका वृत्तपत्रात विल्यम रगल्स यांनी लिहिलेल्या अग्रलेखातून या मोहिमेला नाव मिळालं. ती गावोगाव नेली ह्यूस्टनच्या व्हॅन्स म्यूज यांनी, आणि त्यांचा प्रचार उघड वंशद्वेषी होता: युनियन आली तर गोऱ्यांना काळ्यांबरोबर एकाच संघटनेत बसावं लागेल, ही भीती. १९४४ मध्ये फ्लोरिडा आणि आर्कान्सा यांनी सर्वात आधी राज्यघटना बदलल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६१ मध्ये या घोषणेला फसवी म्हटलं होतं. उलट बाजूचे लोक सॅम्युएल गॉम्पर्सना पुढे करतात. अमेरिकी कामगार चळवळीचा हा म्होरक्या १९२४ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, संघटना स्वेच्छेवरच उभी राहावी असं आग्रहाने सांगून गेला. मला या वंशावळींतून आजच्या कामगाराचा निकाल लागेल असं वाटत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मिशिगनमध्ये कायदा आल्यावर आमच्या प्लांटमधल्या काहींनी, जुना करार संपताच, राजीनामे दिले. त्यात पहिला होता एक प्रेस ऑपरेटर. वर्षभराने गैरहजेरीचे गुण जास्त झाले म्हणून आम्ही त्याला काढलं. त्याची तक्रार घेऊन माझ्यासमोर कोण बसलं? ज्या स्टुअर्डला त्याने ब्रेकरूममध्ये सगळ्यांसमोर चार शब्द सुनावले होते, तोच. तक्रारीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत तो भांडला, आमच्या नोंदीतल्या दोन तारखांची चूक त्याने काढली आणि मला माणूस परत घ्यावा लागला. प्रकरण लवादाकडे गेलं असतं, तर लवादाच्या बिलाचा अर्धा भाग युनियनला भरावा लागला असता, हजारो डॉलर, इतरांच्या वर्गणीतून. बाहेर पडताना स्टुअर्ड मला एवढंच म्हणाला की सगळ्यांसाठी लढायचा कायदा नसता तर मी आज मासे पकडायला गेलो असतो. ऑपरेटरने पुढे सही केली की नाही, तुम्हीच ओळखा. नाही केली.

तरी राइट टू वर्क म्हणजे युनियनचा मृत्यू, हेही खरं नाही. नेवाडात हा कायदा पन्नासच्या दशकापासून आहे, आणि लास व्हेगासच्या हॉटेलांतल्या खोल्या आवरणाऱ्या बायका, वेटर, स्वयंपाकी यांची कलिनरी युनियन, लोकल २२६, देशातल्या बलाढ्य युनियनांपैकी एक आहे. सुमारे ६०,००० सदस्य, एकावरही सक्ती नाही. १९९१ मध्ये फ्रंटियर हॉटेलवर त्यांचा संप सुरू झाला तो १९९८ मध्ये मिटला. सहा वर्षांहून जास्त. साडेपाचशे संपकऱ्यांपैकी एकही जण पिकेट लाइन, म्हणजे संपकऱ्यांनी दारावर धरलेली रांग, ओलांडून आत गेला नाही. तिथले संघटक दर आठवड्याला नव्या माणसाच्या कानाशी लागतात, कारण लागावंच लागतं. सक्तीच्या वर्गणीवर सुस्तावलेल्या युनियना मी मिशिगनमध्ये पाहिल्या आहेत. त्यांच्या अध्यक्षांना नव्या कामगाराचं नावही माहीत नसायचं.

तुमच्याच राज्यात चॅटनूगाचा फोक्सवॅगन प्लांट बघा. २०१४ मध्ये युनियन ७१२ विरुद्ध ६२६ मतांनी हरली, २०१९ मध्ये पुन्हा थोडक्यात हरली आणि एप्रिल २०२४ मध्ये २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी जिंकली. तिन्ही वेळा राज्याचा कायदा तोच होता. महिन्याभराने शेजारच्या अलाबामात मर्सिडीजच्या कामगारांनी मात्र युनियन नाकारली.

पगाराचं काय, असं विचाराल. राइट टू वर्क राज्यांत सरासरी पगार कमी दिसतात, पण तिथे घरंही स्वस्त आहेत आणि उद्योगही वेगळे. कोणता घटक किती, यावर दोन्हीकडचे अर्थतज्ज्ञ आपापले आकडे घेऊन उभे असतात. नॉर्थ कॅरोलायनात कामगारांपैकी तीन टक्केही युनियनमध्ये नाहीत आणि हवाईत चौथ्या हिश्शाहून जास्त आहेत, पण एवढी दरी एकट्या वर्गणीच्या कलमाने पाडली असं मला वाटत नाही. कायद्याला चिकटून येणारं राजकारण जास्त काम करतं.

काही जागी राज्याचा कायदा चालतच नाही. रेल्वे आणि विमान कंपन्या वेगळ्या केंद्रीय कायद्याखाली येतात. टेक्सासमध्ये राहणाऱ्या वैमानिकाला वर्गणी सक्तीची असू शकते आणि राज्य काही करू शकत नाही. उलट सरकारी नोकरांना २०१८ च्या जानस निकालानंतर कुठेच सक्ती नाही, अगदी न्यूयॉर्कच्या शाळाशिक्षकालाही. इलिनॉयमधल्या मार्क जानस यांनी महिन्याला ४५ डॉलरच्या आसपासच्या शुल्कावरून हा खटला लढवला आणि पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला.

आता नवऱ्यासमोरचं कार्ड. आधी ते नेमकं कशाचं आहे ते बघा. सदस्यत्वाचा अर्ज आणि पगारातून वर्गणी कापायची संमती या दोन वेगळ्या गोष्टी असतात, बऱ्याचदा एकाच कागदावर वर-खाली छापलेल्या. सदस्यत्वाचा राजीनामा कधीही देता येतो. कपातीची संमती मात्र कायद्याने जास्तीत जास्त एक वर्ष किंवा करार संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, मागे घेता येणार नाही अशी ठेवता येते. आणि बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की ठरावीक दहा-पंधरा दिवसांत लेखी कळवलं नाही तर ती आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू. त्या कागदाचा फोटो काढून ठेवा आणि तारीख कॅलेंडरवर टाका. वर्गणी वाहन उद्योगात साधारण महिन्याला दोन-अडीच तासांच्या पगाराएवढी असते.

सही केली नाही तर करारातला पगार, सीनिऑरिटी, सुट्ट्या सगळं तसंच मिळेल. तक्रारही युनियनने घ्यावी लागेल आणि तिचे वेगळे पैसे मागता येणार नाहीत. मिळणार नाही ते मत. करार मान्य करायचा का, संपावर जायचं का, स्टुअर्ड कोण, हे सदस्य ठरवतात. रात्रपाळीचा भत्ता घालवून शनिवारचा दर वाढवू, असा सौदा होतो तेव्हा रात्रपाळीवाले सदस्य नसतील तर काय होतं ते मी टेबलावरून पाहिलंय. सदस्याला एक जोखीमही असते: संपात पिकेट लाइन ओलांडली तर युनियन दंड करू शकते. आधी राजीनामा देऊन ओलांडली तर नाही.

मला विचाराल तर त्याने सही करावी. मेंटेनन्सची माणसं थोडी असतात, त्यांची कामं बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचा मोह प्रत्येक मॅनेजमेंटला होतो (मलाही झालाय), आणि ते रोखणारं कलम करारात राहतं की जातं ते मतावर ठरतं. पण युनियन झोपलेली असेल, स्टुअर्ड महिनोन्महिने फ्लोअरवर दिसत नसेल, तर वर्षभर थांबून बघायलाही हरकत नाही. तेवढी सोय हा कायदा नक्की देतो.

तुमचं स्वतःचं. एच-१बीवर असलात तरी युनियनमध्ये जाता येतं, हक्क व्हिसावर अवलंबून नाही. अट एवढीच की तुम्ही सुपरवायझर नसावं. तुमच्या ऑफिसात भिंतीवर जो एलसीए, म्हणजे एच-१बीसाठी कंपनीने कामगार खात्याला दिलेला अर्ज, लावतात, त्यात कंपनीने त्या जागी त्या कामात संप किंवा टाळेबंदी नाही असं लिहून दिलेलं असतं, आणि युनियन असेल तर ती नोटीस भिंतीऐवजी युनियनला द्यावी लागते. उद्या खरोखर संप झालाच, तर केवळ त्यात भाग घेतला म्हणून आधीपासून कामावर असलेल्याचा दर्जा जात नाही, मात्र मुक्कामाची मुदतही वाढत नाही. तेव्हा तसा प्रसंग आला तर इमिग्रेशन वकिलाला आधी फोन करा. इंजिनिअरांची युनियन ऐकून नवल वाटत असेल, तर सन २००० मध्ये सिएटलला बोइंगचे इंजिनिअर ४० दिवस संपावर होते.

आणि नवऱ्याला आजच एक गोष्ट सांगून ठेवा. ह्यूस्टनमध्ये, म्हणजे राइट टू वर्कवाल्या टेक्सासमध्येच, वाइनगार्टन नावाच्या किराणा दुकानांच्या साखळीत खाण्याच्या काउंटरवर काम करणाऱ्या एका बाईवर आळ आला की तिने २.९८ डॉलरचं चिकन नेलं आणि एकच डॉलर भरला. तिने डॉलरभराचंच चिकन घेतलं होतं. लहान खोकी संपली म्हणून ते मोठ्या खोक्यात भरलं होतं. चौकशीत तिने पुन्हा पुन्हा युनियनचा माणूस बोलवा म्हटलं, साहेबांनी ऐकलं नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं उचलून धरलं. तेव्हापासून शिक्षा होऊ शकेल अशा चौकशीला बोलावलं, तर युनियन असलेल्या प्लांटमध्ये कोणीही कामगार, सदस्य नसला तरी, स्टुअर्ड येईपर्यंत उत्तर देणार नाही असं म्हणू शकतो. फक्त ते त्याला स्वतःहून म्हणावं लागतं. मी बावीस वर्षांत कोणालाही ते आपणहून सुचवलं नाही, कायद्याने सुचवावं लागत नव्हतं.